वाट आणि वाटा : पूर्व इंडोनेशियातील बेटगावांच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंडोनेशियात गावाला ‘देसा’ म्हणतात आणि गावप्रमुखाला ‘केपाला देसा’. दोन्ही शब्द आपल्या घरचेच आहेत. ‘देसा’ म्हणजे संस्कृतातला देश आणि ‘केपाला’ म्हणजे कपाल, डोके. आपल्याकडे या ‘देश’ शब्दाने बरीच मजल मारली. घाटमाथ्यावरचा मुलूख तो देश, तिथला वतनदार तो देशमुख आणि शेवटी अखंड राष्ट्र तेही देशच. हाच शब्द समुद्र ओलांडून गेला आणि काहीशे उंबऱ्यांच्या वस्तीत कायमचा मुक्कामाला राहिला. या पुस्तकात ‘देश’ हा शब्द त्या लहान मापाने वाचायचा आहे.

इंडोनेशियात असे सत्तर हजारांहून अधिक देसा आहेत. त्यांपैकी जगाच्या ओळखीचे झाले ते मुख्यतः जावा आणि बाली इथले : भाताची खाचरे, दाट वस्ती, पाटाचे पाणी. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ सालच्या ‘ॲग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन’ या ग्रंथात या आतल्या इंडोनेशियाच्या भोवती एक रेघ ओढली आणि बाकीच्या बेटांना बाहेरचा इंडोनेशिया म्हटले. आपल्याला जायचे आहे ते रेघेबाहेर, फ्लोरेस आणि तिमोरच्या मधल्या कोरड्या, डोंगराळ, लहान लहान बेटांवर. नव्याने या विषयात येणाऱ्याला एकदम सगळी बेटे दाखवली तर कुठलेच दिसत नाही. म्हणून या प्रस्तावनेपुरते मी एकच गाव धरतो, आणि त्याच्या आधाराने या अभ्यासक्षेत्रातले प्रश्न कोणते ते सांगतो.

गावाचे नाव लामालेरा. पूर्व नुसा तेंगारा प्रांतातल्या लेम्बाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून ते बसले आहे. वरची आळी आणि खालची आळी असे आज त्याचे दोन देसा आहेत. पाठीशी लाबालेकांग ज्वालामुखीचा उतार, पायाशी काळ्या दगडांत अडकलेली चिंचोळी पुळण. जमीन खडकाळ आणि पाऊस तोकडा, त्यामुळे शेतीत दम नाही. समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल होत जातो, आणि हिंदी महासागर व प्रशांत महासागर यांच्यात ये-जा करणारे देवमासे गावाच्या नजरेच्या टप्प्यातून जातात. या दोन गोष्टींवर, म्हणजे नापीक जमीन आणि जवळ आलेला खोल समुद्र यांवर, लामालेराचा संसार उभा आहे.

तिथे पोचायचे तर जकार्ताहून तिमोर बेटावरच्या कुपांगला यायचे, तिथून लहान विमानाने किंवा फ्लोरेसच्या लारान्तुका बंदरातून बोटीने लेवोलेबाला, आणि लेवोलेबाहून ट्रकमधून बेट ओलांडत, हाडे खिळखिळी करून घेत दक्षिण किनारा गाठायचा. वाट लांबची आहे हे खरे. म्हणूनच बाहेरून येणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘दुर्गम’. या शब्दात जाणे आहे, जायला अवघड. पण कोणाला, कुठून आणि कोणत्या काळात, हे तो शब्द सांगत नाही. या क्षेत्रात शिरणाऱ्याने पहिली शंका याच शब्दावर घ्यावी.

एक साधी गोष्ट पाहू. लामालेराचे लोक ज्या लामाहोलोत भाषिक समाजाचे आहेत, त्या समाजात लग्न ठरले की मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना हत्तीचा सुळा द्यायचा असतो. सोलोर, आदोनारा, लेम्बाता, पूर्व फ्लोरेस, सगळीकडे ही चाल. या बेटांवर हत्ती कधी नव्हता. प्रत्येक सुळा कुठल्या तरी जहाजातून आलेला आणि पिढ्यान् पिढ्या कुळांमधून फिरत राहिलेला. म्हणजे दूरदेशीच्या व्यापाराशिवाय ज्या गावात लग्न लागत नाही, त्या गावाला आपण जगापासून तुटलेले म्हणतो.

सुळ्याच्या बदल्यात मुलीकडून येते ते हाताने विणलेले इकत कापड. सूत आधी गाठी मारून बांधायचे, मग निळीत आणि बारतोंडीच्या मुळांच्या लाल रंगात बुडवायचे, गाठी सोडायच्या आणि मग मागावर चढवायचे. त्यावर देवमासे येतात, होड्या येतात, मांटा जातीचे महाकाय पाकट येतात. पण सर्वांत मानाच्या कापडावर येते ती गुजरातच्या पटोल्याची नक्षी. मसाल्यांच्या मोबदल्यात भारतातून जे कापड पूर्वेला जाई त्यात पटोल्याला फार मान होता. इथल्या काही कुळांनी तो वारशासारखा जपला आणि बायकांनी त्याची नक्षी आपल्या सुतात उतरवून घेतली. रूथ बार्न्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला लामालेराच्या इकत वस्त्रांवरचा ग्रंथ या प्रवासाचा माग काढतो. हा पटोला विणणाऱ्या पाटणच्या साळवी विणकरांची परंपरा सांगते की बाराव्या शतकात राजा कुमारपालाने त्यांच्या पूर्वजांना जालन्याहून पाटणला नेले. ही परंपरा खरी धरली तर जालना ते लामालेरा असा एक धागा आपल्याला नकाशावर ओढता येतो.

दुसरा धागा गोव्याचा. १५६६ साली डोमिनिकन पाद्र्यांनी शेजारच्या सोलोर बेटावर किल्ला बांधला. तिमोरच्या चंदनाच्या व्यापारासाठी ती जागा मोक्याची होती आणि तिथला पोर्तुगीज कारभार अखेर गोव्याच्या विजरईच्या सत्तेखाली येई. १६१३ मध्ये डचांनी किल्ला घेतला. तरी पोर्तुगीज वळणाचा कॅथलिक धर्म लारान्तुकात टिकला आणि तिथली गुड फ्रायडेची मिरवणूक आजही त्याची साक्ष देते. फ्लोरेस आणि सोलोर यांवरचा हक्क पोर्तुगालने १८५९ च्या तहाने डचांना सोडला. चंदनाच्या आणि मसाल्यांच्या काळात ही बेटे हमरस्त्यावर होती. जहाजे मोठी झाली, त्यांचे मार्ग बदलले, राजधानी दूर गेली, तेव्हा ती आडवाटेला पडली. गावे होती तिथेच राहिली आणि रस्ता हलला.

आता गावाच्या मुख्य उद्योगाकडे येऊ, कारण लामालेराचे नाव बाहेर ज्या कोणी ऐकले असेल त्याने ते याच कारणाने ऐकले असणार. मेपासून पुढचे काही महिने, वारा कोरडा असताना, मोठ्या समुद्राचा हंगाम असतो. त्याला ‘लेफा’ म्हणतात. ३० एप्रिलला समुद्रात गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा होते आणि १ मे रोजी, आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो त्या दिवशी, हंगाम उघडणारी मिस्सा. कॅथलिक धर्म इथे पक्का रुजला तो १९२० नंतर, बर्नार्ड बोडे या जर्मन पाद्र्याच्या काळात. पण हंगामाआधी डोंगरावरच्या देवमाशाच्या आकाराच्या दगडापाशी जाऊन देवमाशांना बोलावण्याचा विधी करण्याचा मान अजूनही भूमीची आद्य मालक समजल्या जाणाऱ्या कुळांकडेच आहे. पाद्री आणि भूमीचे मालक यांच्यात कधी जमते, कधी बिनसते. शिकार वाईट झाली की गावात भांडण कुठे लपले आहे याचा शोध सुरू होतो.

क्षितिजावर फवारा दिसला की ‘बालेओ! बालेओ!’ अशी आरोळी उठते आणि पुळणीवरच्या शाकारलेल्या शेडांतून होड्या पाण्यात ढकलल्या जातात. होडीला इथे ‘तेना’ म्हणतात, बाहेर तिचे नाव पेलेदांग असे ऐकू येते. तिला खिळा लागत नाही. फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडायच्या आणि आतल्या बाजूला राखलेल्या उंचवट्यांना चौकट दोराने आवळून बांधायची, ही आग्नेय आशियातली फार जुनी रीत. एड्रियन हॉरिज यांनी १९८२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. फळी कुजली तर त्याच मापाची, त्याच जागी नवी बसवतात. सगळी लाकडे बदलली तरी होडी पणजोबांचीच राहते, तिचे नावही तेच. शीड पूर्वी गेबांग नावाच्या ताडाच्या पानांचे विणलेले असे. पुढच्या टोकाला बाहेर काढलेल्या बांबूच्या माचीवर लामाफा, म्हणजे हार्पूनवाला, उभा राहतो आणि अंतर संपले की हार्पूनसकट स्वतःच झेप घेतो. घाव बसतो तो हाताच्या जोराने नव्हे, सबंध देहाच्या वजनाने. हा घाव ‘कोतेक्लेमा’वर, म्हणजे स्पर्म व्हेलवर. निळ्या देवमाशाला हात लावायचा नाही, कारण त्याने पूर्वजांना संकटात तारले अशी श्रद्धा आहे. १९९४ च्या मार्चमध्ये एका जखमी देवमाशाने होड्या दूर ओढत नेल्या. होड्या गेल्या, माणसे कित्येक दिवस भरकटली आणि शेवटी एका प्रवासी जहाजाने त्यांना उचलले.

झेपावणाऱ्या लामाफाची छायाचित्रे जगभर गेली. अभ्यासकाची वेळ मात्र त्यानंतर येते, देवमासा पुळणीवर ओढून आणल्यावर, सुऱ्या निघाल्यावर. मराठीत ‘वाट’ आणि ‘वाटा’ यांत एका कान्याचा फरक आहे. बाहेरचा माणूस वाटेचा विचार करतो : किती लांब, कसे जायचे, रस्ता कधी होणार. गाव वाट्याचा विचार करते. या क्षेत्राची गुरुकिल्ली माझ्या मते या कान्यात आहे.

देवमाशाच्या अंगावर कोणाची रेघ कुठून कुठे हे आधीच ठरलेले असते. होडीवर गेलेल्यांचा वाटा वेगळा, होडी ज्यांच्या सामाईक मालकीची त्या घरांचा वेगळा. होडी बांधणारा सुतार, हार्पून घडवणारा लोहार, शीड करणारा, यांचे वाटे त्यांच्या कामाच्या नावाने निघतात. भूमीच्या मालकांचाही मान असतो. एकच माणूस वल्हे मारणारा, भागीदार आणि कारागीर अशा तिन्ही नात्यांनी वाटे नेऊ शकतो. घरी आलेला वाटा पुन्हा फुटतो, भावकीत, सोयऱ्यांत, विधवांच्या घरी. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ वाचलेल्या मराठी वाचकाला इथे बलुत्याची आठवण होणे साहजिक आहे आणि ती आठवण कामाची आहे. फक्त तिच्यावर फार भार टाकू नये. बलुत्यात जात होती आणि खळ्यावर कोण कुठे उभा राहील हे जन्माने ठरत होते. इथला कारागिराचा वाटा त्या होडीला आणि त्या कामाला बांधलेला आहे. साम्य पाहून आत जावे आणि भेद पाहून थांबावे, अशी तुलनेची रीत आहे.

वाट्याची पुढची पायरी बायकांच्या डोक्यावरून जाते. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि मासे टोपलीत घेऊन त्या डोंगरावरच्या गावांत जातात आणि मका, केळी, कंद घेऊन परततात. वुलान्दोनीचा आठवडे बाजार शनिवारी भरतो. तिथे किनाऱ्यावरच्या आणि डोंगरावरच्या बायका समोरासमोर बसतात, शिट्टी वाजेपर्यंत थांबतात आणि मग पैशाशिवाय देवघेव सुरू होते. मक्याची कणसे मोजायचे माप सहाचे. शिकारीच्या गोष्टीत बायका दिसत नाहीत, पण नुसत्या मांसावर कोणी जगत नाही. देवमाशाचे धान्यात रूपांतर करणारी ही पायपीट थांबली तर शिकारीला अर्थ उरत नाही.

आणि तिसरा वाटा सोयरिकीचा. लामाहोलोत समाजात मुलगी देणारे कुळ वरचढ मानले जाते आणि घेणारे कुळ त्यांच्या ऋणात असते. आपल्याकडे मुलीचा बाप हात जोडून उभा असतो, इथे मुलाच्या बापाने नम्र व्हायचे. शिवाय ज्या कुळात मुलगी दिली तिथून मुलगी आणायची नाही, ती तिसरीकडून आणायची. त्यामुळे सुळे एका दिशेने, कापडे उलट्या दिशेने आणि मुली एका कुळाकडून पुढच्या कुळाकडे, असा गावभर फेरा चालतो. मराठी वाचकाला आपल्या लग्नातला वरपक्षाचा मान स्वाभाविक वाटत असेल, तर त्याने हा भाग दोनदा वाचावा.

या विषयाचा जुना पाया याच सोयरिकीवर रचला गेला. १९३५ मध्ये लायडन विद्यापीठात वान वाउडन यांनी पूर्व इंडोनेशियातील समाजरचनांवर प्रबंध लिहिला आणि लग्नाचे हे फेरे, कुळांची दुहेरी मांडणी आणि विश्वाची कल्पना यांना एका सूत्रात ओवले. त्यांनी ही बेटे पाहिली नव्हती, जुन्या नोंदींवरून ते लिहीत होते. त्याच्या थोडे आधी फ्रँकफर्टचे अर्न्स्ट फाटर इथे फिरून गेले होते. ‘आता किवान’, म्हणजे डोंगरी लोक, हे त्यांचे पुस्तक १९३२ चे. प्रत्यक्ष गावात दीर्घकाळ राहून लिहिण्याची परंपरा नंतरची. ऑक्सफर्डचे रॉबर्ट बार्न्स यांनी आधी लेम्बाताच्याच केदांग भागावर १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला, मग लामालेराकडे वळून १९९६ मध्ये ‘सी हंटर्स ऑफ इंडोनेशिया’ दिला. शेजारच्या रोटे आणि सावू बेटांवर ताडाच्या रसावर जगणाऱ्या समाजांविषयी जेम्स फॉक्स यांनी १९७७ मध्ये लिहिलेला ‘हार्वेस्ट ऑफ द पाम’ त्याच्या जोडीला वाचावा. दोन्ही मिळून एक गोष्ट पटते : एकाच समुद्राच्या काठी, सारख्याच कोरड्या हवेत, या बेटांनी जगण्याच्या अगदी वेगळ्या तऱ्हा शोधल्या. हवामानावरून माणसाचे भविष्य काढणाऱ्यांना हा चांगला धडा आहे.

१९९० च्या दशकाच्या शेवटी मायकेल अल्व्हर्ड लामालेरात आले ते मोजपट्टी घेऊन. कोणी किती वेळा समुद्रावर गेले, किती मांस कोणाकडे पोचले, याच्या त्यांनी नोंदी केल्या. त्यांनी तिथे एक खेळही मांडला. दोन माणसे. एकाला काही रक्कम मिळते, त्याने ती दोघांत वाटायची. दुसऱ्याने वाटणी मान्य केली तर दोघांना मिळते, नाकारली तर दोघांनाही काही नाही. लामालेरात पैशाऐवजी सिगारेटची पाकिटे ठेवली होती. हाच खेळ जगातल्या पंधरा लहान समाजांत खेळला गेला. पेरूच्या माचीगेंगा लोकांत वाटणाऱ्याने दुसऱ्याला सरासरी २६ टक्के देऊ केले. लामालेरात ५८ टक्के, सगळ्यांत जास्त, अर्ध्याहूनही अधिक. स्वार्थी माणसाचे पाठ्यपुस्तकी चित्र इथे उलटे पडले. पण यावरून लामालेराचे लोक उदार, असा सरळ निष्कर्ष काढू नये. ज्या गावात एकट्याला देवमासा मारताच येत नाही आणि ज्याची वाटणी अख्खे गाव पाहत असते, तिथे कमी देणारा उद्या कोणाच्या होडीत बसणार? त्या आकड्यात स्वभावापेक्षा सवय अधिक आहे, आणि सवयीमागे संस्था आहे.

या अभ्यासात गाव नुसते पाहिले गेले असे मात्र नाही. इंडोनेशियाभर विद्यार्थ्यांच्या हातात ज्यांची व्याकरणाची आणि लेखनकलेची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे राहिली ते भाषापंडित गोरिस केराफ मूळचे लामालेराचे. आपल्या गावच्या बोलीच्या रूपरचनेवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री होते सोनी केराफ, पर्यावरणनीतीचे अभ्यासक, आणि तेही जन्माने लामालेराचे. देवमासे मारणाऱ्या गावाने देशाला पर्यावरणमंत्री दिला, हे एकदा लक्षात घेतले की ‘त्यांना निसर्गाचे महत्त्व समजावून सांगायला हवे’ या सुरातले बोलणे जपून करावेसे वाटते.

इथून पुढे या गावांच्या भविष्याचा प्रश्न सुरू होतो आणि तिथेही वाट व वाटा यांची गल्लत फार होते. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नॉर्वेचा एक जाणता शिकारी लामालेराला पाठवला, आधुनिक पद्धत शिकवायला. तीन वर्षांत उपक्रम गुंडाळला गेला. आपली साधने आणि आपल्या चालीरीती यांना जुळणारी पद्धत या लोकांनी आधीच घडवली आहे, अशी कबुली संघटनेच्याच अहवालाने दिली. मग जे नॉर्वेच्या तज्ज्ञाला जमले नाही ते आउटबोर्ड इंजिनाने केले. जॉन्सन कंपनीच्या इंजिनावरून मोटरहोडीचे नावच ‘जोन्सोन’ पडले. ती तेनाला ओढत देवमाशापर्यंत नेते, आणि एरवी रात्री जाळी टाकायला जाते. इंजिन आले म्हणजे परंपरा संपली, असे म्हणणारे वाटेचा हिशेब करतात. गावात खरा वाद झाला तो दुसऱ्याच बाबींवर : इंजिनाच्या मालकाचा वाटा किती, इंधनाचा किती, आणि जाळ्यात आलेला मासा भावकीचा की जाळे टाकणाऱ्याचा? भविष्य ठरते ते अशा वादांत.

कायद्याचेही तसेच. व्यापारी देवमासा-शिकारीवर जागतिक बंदीचा ठराव १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून तो अमलात आला. इंडोनेशिया तो ठराव करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा सदस्य नाही. २०१४ मध्ये मात्र सरकारने मांटा पाकटांना देशभर संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी सावू समुद्रातले विशाल सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आधीच्या आखणीत लेम्बाताच्या बाजूचे पाणीही होते. लामालेराने विरोध केला आणि ते वगळले गेले. देवमासा हा जगाचा ठेवा आहे आणि स्पर्म व्हेलसारखा सावकाश वाढणारा जीव कोणाच्याही परंपरेपेक्षा जुना आहे, ही बाजू खोटी नाही. पण ज्यांनी कारखानदारी जहाजांनी समुद्र रिकामे केले त्यांच्या आणि वर्षाकाठी मोजके देवमासे मारणाऱ्या गावाच्या वाट्याला दोष सारखाच यावा का, हा प्रश्नही खोटा नाही. या क्षेत्रात येणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच वेळी हातात धरता आल्या पाहिजेत.

इंजिन आणि कायदा यांच्याखेरीज भविष्य ठरवणारी तिसरी गोष्ट गावाबाहेर आहे. मिशनच्या शाळांमुळे लामालेरातून शिक्षक, पाद्री, प्राध्यापक बरेच निघाले. लामाहोलोत प्रदेशातले इतर हजारो लोक गेली कित्येक दशके मलेशियाच्या साबा राज्यात मळ्यांवर आणि बांधकामांवर कामाला जात आले आहेत. २००२ मध्ये मलेशियाने कागदपत्रे नसलेल्यांना हुसकावले तेव्हा सीमेवरच्या नुनुकान गावात हजारो इंडोनेशियन मजूर अडकून पडले. परदेशातून येणाऱ्या पैशाने सिमेंटची घरे उठतात, पण होडी ढकलायला हात कमी पडतात. गावाला किती वल्हेकरी लागतात हे ठरलेले असते, जाणारा मात्र कोणाला विचारून जात नाही.

चौथी गोष्ट अलीकडची. २०१४ च्या ग्रामकायद्याने प्रत्येक देसाला केंद्राकडून थेट निधी मिळू लागला. त्याला ‘दाना देसा’ म्हणतात. आपल्या कानांना त्यात धनही ऐकू येते आणि दानही, आणि गावोगावी वादही नेमका यावरच चालतो : हा हक्काचा पैसा आहे की वरून आलेली कृपा? त्यातून धक्का बांधायचा की पाण्याची टाकी, हे केपाला देसा ठरवणार की कुळांचे वडीलधारे? लेम्बाताचा स्वतंत्र जिल्हा तर त्याआधीच, १९९९ मध्ये झाला होता. सत्ता जवळ आली की भांडणही जवळ येते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते चांगलेच आहे.

या सगळ्याखाली जमीन स्वतः अस्वस्थ आहे. १९७९ च्या जुलैत याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कडा समुद्रात कोसळला आणि उठलेल्या लाटेत शेकडो माणसे गेली. २०२० च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या लेवोतोलोक ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आणि चारच महिन्यांनी सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने त्याच्या उतारावरचे दगडधोंडे वस्त्यांवर आणले. लामालेराच्या मूळकथेतही पूर्वज एका बुडालेल्या ठिकाणाहून होड्यांतून निघालेले असतात. इथे स्थलांतर ही आजची घटना नाही, गावाची सुरुवातच तिथून होते.

नव्या अभ्यासकाला दोन सूचना करून थांबतो. पहिली, ‘शेवटचे’ या विशेषणापासून सावध राहावे. शेवटचे शिकारी, शेवटची होडी, शेवटची पिढी असे या गावाविषयी वारंवार लिहिले गेले. डग बॉक क्लार्क यांच्या २०१९ च्या वाचनीय पुस्तकाच्या नावातही तो शब्द आहे. ज्यांना शेवटचे म्हटले त्यांची नातवंडे आज माचीवर उभी आहेत, काही कुपांगच्या कॉलेजात आहेत आणि काही दोन्हीकडे. गाव टिकेल का, असे विचारण्यापेक्षा कोण कोणाला काय देतो, काय थांबले, काय नव्याने सुरू झाले, हे विचारावे. उत्तर मोजता येते.

दुसरी सूचना वाचनाच्या क्रमाची. कायद्यापासून सुरुवात केली तर हे गाव आरोपी दिसते. शिकारीपासून केली तर शूरवीर दिसते. कापडापासून केली तर सोयरे दिसते. म्हणून आधी वस्त्रांवरचे प्रकरण वाचावे, मग होडी, मग बाजार आणि कायदा अखेरीस. आणि जमल्यास बहासा इंडोनेशिया शिकायला घ्यावी. लिपी रोमन आहे, व्याकरण सोपे आहे आणि पहिले दोन शब्द तुम्हाला येतातच.